ग्रंथाचा स्थूल देह : चेन्नईतील ग्रंथालये आणि ग्रंथकलेचा उत्सव

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रवर्तक एस. आर. रंगनाथन यांनी ग्रंथाविषयी एक त्रिविध कल्पना मांडली होती. ग्रंथातील विचार हा त्याचा आत्मा. तो विचार ज्या भाषेतून व रचनेतून व्यक्त होतो ते त्याचे सूक्ष्म शरीर. आणि कागद, शाई, खिळे, शिवण, पुठ्ठा यांनी घडलेली जी वस्तू वाचक हातात धरतो ते त्याचे स्थूल शरीर. गणिताच्या अध्यापनातून ग्रंथपालनाकडे वळलेल्या आणि वर्गीकरणासारख्या रुक्ष विषयात आयुष्य वेचलेल्या माणसाने दर्शनशास्त्राच्या परिभाषेत केलेली ही मांडणी ग्रंथपालांच्या उपयोगाची तर आहेच; साहित्याच्या अभ्यासकाने तिच्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही, ही मात्र खेदाची बाब होय. मराठी समीक्षेत आशय आणि अभिव्यक्ती यांच्या संबंधावर जे दीर्घ वाद झाले, त्यांत दोन्ही पक्षांनी आत्मा आणि सूक्ष्म शरीर यांचीच चिकित्सा केली. कवितेची ओळ पानावर कोठे मोडते, पोथीचे पान आडवे का असते, एखादी संहिता कोणत्या लिपीत आणि कोणत्या साधनाने लिहिली गेली, हे प्रश्न 'रूप' या संकल्पनेच्या कक्षेबाहेरच राहिले. अ. का. प्रियोळकर यांनी भारतातील मुद्रणाचा इतिहास १९५८ मध्ये इंग्रजीतून सिद्ध केला, शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची रचली. परंतु या कामांना समीक्षेने आदराने नमस्कार केला आणि 'पूरक साधने' म्हणून बाजूस ठेवले.

अलीकडच्या काळात जगातील अनेक विद्यापीठीय ग्रंथालयांनी या स्थूल देहाचा उत्सव आरंभला आहे. हातकागद करून दाखवणे, पुस्तक शिवण्याच्या कार्यशाळा, जुन्या दाबयंत्रावरील छपाईची प्रात्यक्षिके, सुलेखनकारांची व्याख्याने, दुर्मीळ पोथ्यांची प्रदर्शने असे कार्यक्रम विद्यार्थ्यांपुरते न ठेवता गावातील सर्वांसाठी खुले केले जातात. या उपक्रमांचे मोल काय, याचा विचार भारतात करावयाचा झाल्यास १९९६ पर्यंत मद्रास म्हणून ओळखल्या गेलेल्या चेन्नई शहराइतकी योग्य भूमी दुसरी सापडणे कठीण. येथील विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल म्हणून रंगनाथन १९२४ च्या जानेवारीत रुजू झाले. येथेच त्यांचा पंचसूत्रीचा ग्रंथ १९३१ मध्ये मद्रास ग्रंथालय संघाने प्रसिद्ध केला. आणि चेपाक येथे समुद्रासमोर उभ्या असलेल्या विद्यापीठ ग्रंथालयाच्या इमारतीत, जेथे हे ग्रंथालय १९३६ मध्ये आले, शासकीय प्राच्य हस्तलिखित ग्रंथालयही दीर्घकाळ नांदले. ताडपत्रे आणि छापील ग्रंथ, राखणारे आणि वाचणारे, असे सर्वच एका आवारात होते. मराठी अभ्यासकाला या शहराकडे वळण्याचे आणखी एक कारण आहे. त्याकडे पुढे यावयाचे आहे.

रंगनाथनांचे पहिले सूत्र, ग्रंथ उपयोगासाठी असतात, हे आज इतके परिचित झाले आहे की त्यातील धार जाणवेनाशी झाली आहे. या सूत्राचे विवेचन ते मध्ययुगीन युरोपातील साखळदंडांनी फळीला जखडलेल्या ग्रंथांपासून सुरू करतात. ग्रंथ मौल्यवान, म्हणून तो बांधून ठेवावयाचा. आणि बांधून ठेवल्यामुळे तो वाचला जाण्याऐवजी राखला जातो, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा. त्यांनी विद्यापीठ ग्रंथालयात वाचकाला थेट कपाटांपर्यंत जाऊ दिले, व्याख्याने आणि प्रदर्शने यांना ग्रंथालयाचे विस्तारकार्य मानले. या दृष्टीने पाहता ग्रंथकलेच्या उत्सवाविषयी पहिली शंका रंगनाथनांच्याच बाजूने उपस्थित होते. काचेच्या पेटीत दिवा सोडून ठेवलेली पोथी ही साखळीने बांधलेल्या ग्रंथाची सुधारलेली आवृत्ती तर नव्हे?

ही शंका केवळ तात्त्विक नाही. ग्रंथाविषयीचा आपला आदरभाव पूजेकडे किती सहज झुकतो याची साक्ष आपले सणच देतात. तमिळ घरांत नवरात्रातील सरस्वतीपूजेच्या दिवशी ग्रंथ देवीपुढे रचून ठेवतात आणि त्या दिवशी वाचन वर्ज्य मानतात. विजयादशमीला ग्रंथ पुन्हा उघडले जातात, लहान मुलांचा अक्षरारंभही त्याच दिवशी होतो. महाराष्ट्रात दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून पूजा होते, आणि साहित्य संमेलनाच्या आरंभी ग्रंथदिंडी निघते. पालखीत विराजमान झालेला ग्रंथ ही मोठी हृद्य प्रतिमा आहे, हे खरे. पण पालखीतला ग्रंथ कोणी उघडत नाही, हेही तितकेच खरे. तमिळ प्रथेत निदान एक शहाणपण आहे. तेथे न वाचण्याला एका दिवसाची मर्यादा घातली आहे आणि दुसऱ्या दिवशी उघडण्याचाही विधी आहे. ग्रंथोत्सवांच्या संयोजकांनी यातील नवमी तेवढी उचलली आणि दशमी सोडून दिली, असे अनेकदा म्हणावेसे वाटते.

मात्र ही शंका शेवटपर्यंत टिकत नाही, कारण ती स्थूल देहाला निव्वळ आवरण समजते. दक्षिणेतील ताडपत्राचे उदाहरण या समजुतीला पुरेसे उत्तर देते. 'ग्रंथ' या शब्दाच्या मुळाशी गुंफणे, बांधणे हा अर्थ आहे. पत्रांना भोके पाडून त्यांतून दोरी ओवायची आणि वरखाली लाकडी फळ्या देऊन ती आवळायची, ही क्रियाच त्या शब्दात साठवलेली आहे. दक्षिणेत संस्कृत लिहिण्यासाठी जी लिपी वापरात होती तिचे नावही ग्रंथ लिपी असेच आहे. म्हणजे वस्तू, कृती आणि अक्षर या तिन्हींना एकच शब्द पुरला. ताडपत्रावर लोखंडी लेखणीने अक्षर कोरले जाते, तेव्हा ते जवळजवळ दिसतच नाही. तेलात खललेली काजळी पत्रावर चोळून पुसून घेतली, की ओरखड्यांत काळिमा राहतो आणि मजकूर उजळतो. जुन्या पत्रांवरील काळिमा कमी झाला की हीच क्रिया पुन्हा करावी लागते; पत्रे लवचिक राहावीत, कीड लागू नये म्हणून त्यांना गवती चहाचे तेल लावतात. ज्या माणसाने हे एकदा स्वतःच्या हाताने केले, त्याला संहिता आणि साधन यांची फारकत किती कृत्रिम आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. काजळी चोळल्याखेरीज तेथे वाचनच संभवत नाही. चेन्नईतील हस्तलिखित ग्रंथालय १८६९ मध्ये स्थापन झाले. कॉलिन मॅकेन्झी, लेडन, ब्राउन यांचे संग्रह त्याच्या पायाशी आहेत. चेपाकहून ते नंतर कोट्टूरपुरम येथील अण्णा शताब्दी ग्रंथालयाच्या इमारतीत हलविण्यात आले. त्याच्या सूचीत तमिळ, तेलुगू, संस्कृत, कन्नड यांच्याबरोबर मराठीचीही नोंद आहे.

आणि येथूनच मराठी अभ्यासकाची वाट तंजावरकडे वळते. दुसरे सरफोजी भोसले (राज्यकाल १७९८ ते १८३२) हे राज्यकारभार कंपनीकडे गेल्यानंतर उरलेल्या राजपदावर बसलेले राजे. तारुण्याच्या उंबरठ्यावर, १७९३ पासून, त्यांचा काही काळ मद्रासमध्ये गेला. त्या शहरात वेपेरी येथील छापखाना तेव्हा तीन दशके चालत होता. १७६१ मध्ये पाँडिचेरी पडल्यावर फ्रेंचांकडून हाती आलेल्या यंत्रावर तो उभा राहिला होता. गादीवर आल्यानंतर सरफोजींनी ग्रंथाच्या स्थूल देहाशी जे प्रयोग केले, ते मराठी वाङ्मयेतिहासात एकत्र ठेवून क्वचितच पाहिले गेले आहेत. १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर त्यांनी भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरविला. विस्ताराच्या दृष्टीने तो एक ग्रंथच आहे, फक्त त्याची पाने दगडाची आहेत आणि वाचकाला चालत चालत तो वाचावा लागतो. त्यानंतर लवकरच त्यांनी 'नवविद्याकलानिधी' हा देवनागरी छापखाना काढला आणि १८०६ मध्ये तेथे 'बालबोधमुक्तावली' हे सख्खण पंडितांनी केलेले इसापनीतीचे भाषांतर छापले गेले. त्याच सुमारास सरस्वती महाल ग्रंथालयासाठी पोथ्या मिळविणे, नकला करविणे, चित्रे काढून घेणे हे काम अखंड चालू होते. शिळा, खिळे आणि कागद या तीन माध्यमांत एकच माणूस, एकाच दशकात, मराठी मजकूर मांडून पाहत होता. त्याच्या नावावर असलेल्या 'देवेंद्रकुरवंजी'तही कुरवंजी या तमिळ नाट्यप्रकारात जगाचा भूगोल मराठीतून सांगितलेला आहे. भविष्य सांगणारी कुरवंजी खंड आणि देश मोजू लागते, ही कल्पना ज्याला सुचली त्याला माध्यम बदलले की ज्ञानही बदलते, याची जाण होती असे मानावयास हरकत नाही.

पण या प्रयोगांच्या पोटात एक निर्णय दडलेला होता आणि त्याचे परिणाम आज चेन्नईत दिसतात. छापखान्याने देवनागरी म्हणजे बाळबोध लिपी स्वीकारली; दरबारचा हिशेब, पत्रव्यवहार, आज्ञा, नोंदी मोडीतच राहिल्या. श्रीरामपूरला विल्यम केरी यांनी मोडीचे खिळे पाडले, १८१० चा त्यांचा मराठी कोश मोडीत छापला. मोडीला धातूचा देह मिळाला होता, परंतु तो टिकला नाही. पुढे महाराष्ट्रातील मुद्रणाने बाळबोधच धरली आणि बोरू न उचलता धावणारी मोडी हळूहळू दफ्तरांत बंदिस्त झाली. ग्रंथाचा कोणता देह घडवावयाचा याविषयीचे असे निर्णय त्या त्या वेळी तांत्रिक वाटतात. शंभर वर्षांनी ते वाङ्मयाच्या नशिबाचे निर्णय ठरतात. सरस्वती महालात मराठी हस्तलिखिते तीन हजारांच्या आसपास आहेत. शहाजी राजांच्या काळातील नाटके त्यांत आहेत, रामदासी परंपरेतील रचना आहेत. मोडी कागदांची बाडे तर निराळीच. ही नाटके उजेडात आल्यावर मराठी नाटकाच्या आरंभकाळाविषयीच्या समजुती बदलाव्या लागल्या, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असते. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने मोडी कागदपत्रांचे तमिळ भाषांतर खंडरूपाने प्रसिद्ध केले, हे मात्र सहसा ठाऊक नसते. मराठी कागद तमिळ वाचकाला खुले व्हावेत, ही गौरवाचीच गोष्ट. मराठी वाचकाला मात्र ते आपल्याच भाषेत असूनही बंद राहावेत, याला काय म्हणावे?

या प्रश्नाला चेन्नईत एक जिवंत बाजू आहे. तंजावरी मराठी बोलणारी कुटुंबे या शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. घरात बोली आहे. तीत महाराष्ट्रात लुप्त झालेले शब्द टिकून आहेत, तमिळच्या सहवासाने आलेली वळणे आहेत. परंतु त्यांतील अनेकांचे शिक्षण तमिळ आणि इंग्रजीत झालेले. मराठी लिहिण्याची वेळ आली तर हात तमिळ अक्षरांकडे जातो. भाषा कानात आहे, तिचे ग्रंथ काही मैलांवर ग्रंथालयात आहेत, आणि या दोहोंमधला पूल, म्हणजे लिपी, तेवढा मोडलेला आहे. ग्रंथकलेच्या उत्सवाला येथे एकदम निराळा अर्थ प्राप्त होतो. सुलेखनाची कार्यशाळा ही एरवी सुट्टीतला छंद ठरू शकते. या समाजासाठी मोडीचे वळण बोरूने गिरविणे हा आपल्याच पणजोबांच्या कागदांत शिरण्याचा मार्ग आहे. अक्षर डोळ्यांना शिकविण्यापेक्षा हाताला शिकविणे अधिक परिणामकारक असते, विशेषतः मोडीत. कारण त्या लिपीची गती हीच तिची रचना आहे. कोणत्या अक्षरातून हात पुढच्या अक्षराकडे कसा वळला, हे कळल्यावाचून तिचे जोडलेले शब्द फुटत नाहीत. बोरूची धार, शाईचा पातळपणा, कागदाची घोटाई या गोष्टी तेथे वाचनाच्या पूर्वअटी होतात.

वर्णनात्मक हस्तलिखितसूचींमध्ये प्रत्येक पोथीपुढे पत्रांची संख्या, लांबीरुंदी, पृष्ठावरील ओळी, कागद की ताडपत्र, लिपी, स्थिती अशी माहिती असते. साहित्याचे विद्यार्थी ही माहिती ओलांडून ग्रंथनामाकडे आणि कर्त्याकडे जातात. वास्तविक एखाद्या नाटकाची पोथी लहान आकाराची, घाईच्या अक्षराची असेल तर ती रंगभूमीसाठी लिहिली असण्याची शक्यता तपासावी लागते. तेच नाटक सुबक, रुंद समासाच्या पोथीत असेल तर ते दरबारी संग्रहासाठी उतरविले गेले असेल. हे अनुमान आहे, आणि अनुमान चुकूही शकते. पण ते करण्याची सवय लागणे हीच समीक्षेची वाढ होय.

ग्रंथ कोणासाठी जपावयाचे, या प्रश्नाला चेन्नईने दिलेले एक अनोखे उत्तर म्हणजे रोजा मुथय्या संशोधन ग्रंथालय. कोट्टैयूरचे रोजा मुथय्या चेट्टियार हे व्यवसायाने नामफलक रंगविणारे कलावंत. त्यांनी आयुष्यभर तमिळ मुद्रित साहित्य गोळा केले, आणि ते करताना 'ग्रंथ' या शब्दाची प्रतिष्ठित व्याख्या जुमानली नाही. पुस्तकांसोबत नाटकांच्या जाहिराती, हस्तपत्रके, निमंत्रणपत्रिका, नियतकालिके असे सर्व काही त्यांच्या संग्रहात आले. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर शिकागो विद्यापीठाच्या पुढाकाराने हा संग्रह चेन्नईत आणला गेला आणि १९९४ पासून ग्रंथालय म्हणून तो उभा राहिला. संग्रह विकत घेऊनही परदेशी विद्यापीठाने तो येथेच ठेवला, हे त्या कराराचे वैशिष्ट्य. अक्षरांचे आकार ज्याच्या हातात होते, त्याला चार आण्यांच्या नाटकपुस्तकाच्या मुखपृष्ठावरील अक्षरेही जपण्याजोगी वाटली. प्राध्यापकांच्या अभिरुचीवर सोपविले असते तर यांतील निम्म्याहून अधिक सामग्री रद्दीत गेली असती, यात शंका नाही. मराठी तमाशाची वगपुस्तके, मेळ्यांच्या पदांची चोपडी, जत्रेत विकली जाणारी आरतीसंग्रहांची पुस्तके यांच्याविषयी आपल्या विद्यापीठांनी काय केले, हा प्रश्न विचारून पाहावा.

याच शहरात १९९४ मध्ये गीता वुल्फ यांनी सुरू केलेली 'तारा बुक्स' ही प्रकाशनसंस्था हाताने केलेल्या कागदावर, रेशीमचाळणीच्या पद्धतीने, एकेक रंग हाताने छापून पुस्तके काढू लागली. 'द नाइट लाइफ ऑफ ट्रीज' या २००६ च्या पुस्तकात भज्जू श्याम, दुर्गा बाई आणि राम सिंह उर्वेती या गोंड कलावंतांची झाडे काळ्या कागदावर उमटली आणि जगभर गेली. मराठी वाचकाच्या दृष्टीने अधिक जवळचे पुस्तक म्हणजे 'डू!' (२००९). त्यातील चित्रे रमेश हेंगाडी आणि शांताराम धडपे या वारली चित्रकारांची. सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढली जाणारी, लग्नाच्या चौकाभोवती जन्मलेली ही रेषा सह्याद्रीच्या पायथ्यापासून कोरोमंडल किनाऱ्यापर्यंत आली आणि तेथे तिला पुस्तकाचा देह मिळाला. या पुस्तकांकडे समीक्षकाने भारावून न जाता पाहावे. हाताने छापलेले पुस्तक महाग असते. ते संग्राहकाच्या कपाटात जाऊन बसण्याचा धोका असतो. आणि ज्या पाड्यातून ती रेषा निघाली तेथे ते पोहोचेलच असे नाही. वारली चित्र लग्नानंतर पुसले जाते, भिंत पुन्हा सारवली जाते. पुस्तकात ते कायमचे होते, म्हणजे त्याचा एक गुणधर्म नाहीसाही होतो. तरीही या संस्थेने तिरुवान्मियूरच्या आपल्या इमारतीत प्रदर्शने आणि कार्यशाळा भरवून, छापणाऱ्या कारागिरांचे काम वाचकांसमोर आणले, हे मोठे काम आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयाने असा पुढाकार घेतला तर किमतीचा अडसरही दूर होतो, कारण ग्रंथालयातील महाग पुस्तक कोणाच्याही हाती येऊ शकते.

देखणेपणा आणि ग्रंथकला यांची गल्लत येथे टाळली पाहिजे. १९५५ मध्ये अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि त्यांच्या मित्रांनी काढलेले 'शब्द' हे अनियतकालिक चक्रमुद्रित होते. गरिबीतून आलेला तो देह त्या कवितेला शोभला, इतकेच नव्हे तर प्रस्थापित मासिकांच्या गुळगुळीत पानांविरुद्ध तेच एक विधान ठरले. मराठी ग्रंथकलेचे प्रदर्शन कोणी मांडलेच, तर दीनानाथ दलालांच्या मुखपृष्ठांशेजारी ही फिकट शाईची पानेही ठेवावी लागतील, आणि निर्णयसागरच्या रेखीव खिळ्यांशेजारी कोपरे झिजलेली, हळदीकुंकवाचे डाग पडलेली शिळाप्रेसची पोथीसुद्धा.

रंगनाथनांच्या पंचसूत्रीचा ग्रंथ निघाला त्याच वर्षी, १९३१ मध्ये, मन्नारगुडी परिसरात बैलगाडीवरचे फिरते ग्रंथालय सुरू झाले होते. हा मुलूख एके काळी तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यातला. ग्रंथ लोकांकडे नेण्याची ती पद्धत आजही उपयोगी पडावी, कारण तंजावरी मराठी बोलणारी वृद्ध मंडळी चेपाकला किंवा कोट्टूरपुरमला येतीलच असे नाही. मूळ पोथ्या हलविता येणार नाहीत. त्यांच्या छायाप्रती, बोरू, शाई आणि मोडीच्या बाराखडीचे तक्ते हलविता येतील. अशा बैठकीत मोडी शिकलेला विद्यार्थी कागदावरचे अक्षर सोडवील, पण शब्द त्याला अडेल, कारण तो पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या मराठीत नाही. शेजारी बसलेल्या आजीबाईंना अक्षर येत नाही. मात्र विद्यार्थ्याने अडखळत उच्चारलेला शब्द त्यांच्या कानाला लागलीच ओळखीचा वाटेल, आणि तो स्वयंपाकघरातल्या कोणत्या भांड्याचा आहे हे त्या सांगतील.